पैशाचे सोंग आणि केसांचे टोप : ‘द अमेरिकन्स’मधल्या खोट्या ओळखी

तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. एफबीआयच्या माणसांशी झालेल्या झटापटीत एलिझाबेथ जेनिंग्जच्या तोंडाला मार लागला आहे, दात ठणकतो आहे आणि तिला दंतवैद्याकडे जाता येत नाही, कारण अशी दुखापत घेऊन कोणी बाई आली तर कळवा, असे दवाखान्यांना आधीच सांगून ठेवलेले आहे. मग तिचा नवरा फिलिप घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, साध्या पकडीने तिचा दात उपटतो. वर मुले आहेत, त्यामुळे ओरडायची सोय नाही. जवळजवळ सगळा प्रसंग मूक आहे. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर आणि त्याच्या थरथरणाऱ्या हातावर रेंगाळतो. हेरगिरीच्या मालिकांमध्ये खोटी ओळख म्हणजे बनावट पासपोर्टांची थप्पी आणि चटकन बदलता येणारी नावे असा जो समज रुजला आहे, तो या एका प्रसंगात मोडून पडतो. नाव बदलणे सोपे असते. त्या नावाच्या माणसाचा दात दुखू लागला की काय करायचे, हा खरा प्रश्न असतो.

या परीक्षणात मी ‘द अमेरिकन्स’ या मालिकेच्या एकाच बाजूकडे पाहणार आहे : तिच्यातल्या हेरांच्या खोट्या ओळखी कितपत पटतात? अभिनय, दिग्दर्शन, प्रेमकथा यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगतो, की शेवटाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही आणि मी ते लिहिणार आहे.

एफएक्स वाहिनीवर 2013 ते 2018 या काळात सहा सीझन आणि 75 भाग चाललेली ही मालिका जो वाइसबर्ग यांनी निर्माण केली आणि जोएल फील्ड्स यांच्याबरोबर चालवली. वाइसबर्ग स्वतः 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सीआयएमध्ये नोकरीला होते. कथा 1981मध्ये, रेगन अध्यक्ष झाल्यानंतर लगेच सुरू होते आणि 1987च्या डिसेंबरातल्या गोर्बाचेव्ह यांच्या वॉशिंग्टन भेटीच्या सुमारास संपते. फिलिप (मॅथ्यू ऱ्हिस) आणि एलिझाबेथ (केरी रसेल) हे केजीबीच्या ‘एस’ संचालनालयाचे हेर आहेत. व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च या उपनगरात ते अमेरिकन जोडपे म्हणून राहतात, त्यांना पेज आणि हेन्री ही दोन मुले आहेत आणि वॉशिंग्टनमध्ये त्यांची एक ट्रॅव्हल एजन्सी आहे.

या जातीच्या हेराला त्या व्यवसायात ‘इल्लीगल’ म्हणतात आणि त्याच्या रचलेल्या पूर्वायुष्याला ‘लेजंड’. दूतावासात बसलेला हेर पकडला गेला तर त्याला फार तर मायदेशी पाठवले जाते. इल्लीगलच्या पाठीशी मात्र असले कोणतेही कवच नसते. त्यामुळे त्याचे लेजंड हेच त्याचे कवच. मराठीत आपल्याकडे ‘तोतया’ हा जुना आणि नेमका शब्द आहे, पण तो इथे उलटा करून वापरावा लागतो. भाऊसाहेबांच्या तोतयाने सगळ्यांना ठाऊक असलेल्या माणसाचे सोंग आणले आणि म्हणून त्याला पारखणारेही पुष्कळ होते. इल्लीगल मात्र ज्याला कोणीच ओळखत नाही अशाच माणसाचे सोंग घेतो. ते नाव बहुधा एखाद्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे असते.

याचे चांगले उदाहरण प्रत्यक्षात आहे. पूर्व जर्मनीचा आल्ब्रेख्त डिट्रिख 1978मध्ये अमेरिकेत आला तो जॅक बार्स्की या नावाने. खरा जॅक बार्स्की 1955मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी वारला होता आणि त्याचे नाव मेरीलँडमधल्या एका थडग्यावरून उचललेले होते. जन्मदाखल्याची नोंद एकीकडे आणि मृत्यूची दुसरीकडे, दोन्ही एकमेकींशी कोणी ताडून पाहत नसे. तिशी उलटलेल्या माणसाला सोशल सिक्युरिटी कार्ड आजवर लागलेच कसे नाही, असे विचारणाऱ्याला ‘शेतावर काम करत होतो’ एवढे उत्तर पुरत असे. ही फट पुढे बुजत गेली. 1986च्या करसुधारणा कायद्याने पाच वर्षांवरच्या अवलंबून मुलांचेही क्रमांक करविवरणपत्रात देणे बंधनकारक केले. म्हणजे मालिकेचा काळ हा मेलेल्या मुलांच्या नावावर जगता येण्याच्या काळाचा जवळजवळ शेवट आहे. गंमत अशी, की मालिका या कागदी बाजूवर फारसा वेळ घालवत नाही. जेनिंग्ज दांपत्य कथेच्या सुरुवातीलाच अमेरिकेत पुरते मुरलेले आहे आणि कागदपत्रे हा त्यांच्यापुरता जुना झालेला विषय आहे. मला थोडी खंत वाटली, कारण पोस्टात, बँकेत, शाळेच्या प्रवेशअर्जावर या ओळखी रोज कशा तपासल्या जातात हे पाहायला आवडले असते. पण लेखकांना कागदापेक्षा सवयींमध्ये जास्त रस आहे आणि तो निर्णय एकंदरीत योग्य ठरला आहे.

सवयींच्या बाबतीत पहिला मान ट्रॅव्हल एजन्सीचा. पडद्यावरच्या हेरांना दिलेल्या नोकऱ्यांमध्ये याहून समर्पक नोकरी मला आठवत नाही. वेळीअवेळी फोन येणे, अचानक गावाला जावे लागणे, परदेशी विमानांची वेळापत्रके टेबलावर पडलेली असणे, वेगवेगळ्या थरांतल्या अनोळखी माणसांनी येऊन बसणे, हे सगळे त्या धंद्यात साहजिक असते. रात्री दोन वाजता बाहेर पडलेल्या नवरा-बायकोला ‘एका गिऱ्हाइकाचे विमान चुकले’ एवढे सांगून सुटता येते. शिवाय हा धंदा नवरा-बायकोने मिळून चालवलेला असल्याने दोघांच्या गैरहजेरीचा हिशेब एकमेकांपलीकडे कोणाला द्यावा लागत नाही. बार्स्की सायकलवरून पाकिटे पोचवणारा निरोप्या म्हणून कामाला लागला, मग महाविद्यालयात शिकून एका मोठ्या विमा कंपनीत संगणक प्रोग्रॅमर झाला. खऱ्या इल्लीगलांचे पोटापाण्याचे उद्योग असेच रुक्ष असत. न्यूयॉर्कमध्ये 1957 साली पकडला गेलेला रुडॉल्फ आबेल हा छायाचित्रे काढणारा हौशी चित्रकार म्हणून ब्रुकलिनमध्ये राहत होता. लंडनमध्ये 1961 साली पकडला गेलेला गॉर्डन लॉन्सडेल नाण्यांवर चालणारी यंत्रे भाड्याने देण्याच्या धंद्यात होता. या ओळीत जेनिंग्जांची एजन्सी सहज बसते.

दुसरी जमेची बाजू म्हणजे नातेवाईक. खोट्या माणसाला चुलत-मावस कोणी नसतात, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. आणि तिच्यावरच सर्वांत आधी नजर पडते ती पोरांची. दुसऱ्या सीझनमध्ये चौदा वर्षांची पेज शंका येऊन एकटीच बसने आपल्या ‘हेलन आजी’ला शोधायला जाते. प्रेक्षकाला वाटते, आता सगळे उघडे पडणार. तर तिथे खरोखरच एक म्हातारी असते, तिच्या घरात जेनिंग्ज कुटुंबाचे फोटो असतात आणि तिची स्मृती इतपत धूसर असते की फारसे विचारण्यात अर्थ नसतो. केजीबीने एका विस्मरणाच्या म्हातारीलाही कामाला लावले आहे, हे कळताच अंगावर काटा येतो. एवढा बारीक विचार मी फार थोड्या हेरकथांमध्ये पाहिला आहे.

शेजारी राहायला आलेला एफबीआयचा प्रतिहेरगिरी अधिकारी स्टॅन बीमन (नोआ एमेरिच) हा मात्र अनेकांना पहिल्याच भागात खटकतो. हेराच्या समोरच्याच घरात नेमका हेर पकडणारा कसा येऊन राहील? इतका योगायोग पचत नाही, ही तक्रार मीही पहिल्यांदा केली होती. पण बार्स्कीच्या बाबतीत असेच घडले आहे, फक्त ते योगायोगाने नव्हते : त्याचा सुगावा लागल्यावर एफबीआयने पेनसिल्व्हेनियात त्याच्या शेजारचे घर विकत घेतले, तिथे आपला माणूस ठेवला आणि 1997मध्ये त्याला गाठले. जेनिंग्ज शेजारधर्म म्हणून बीमनकडे ब्राउनी घेऊन जातात आणि त्याच रात्री तो त्यांच्या गॅरेजमध्ये शिरून गाडीची डिकी उघडून पाहतो, हे पहिल्या भागातच आहे. डिकी तोवर रिकामी झालेली असते. संशय आणि शेजारधर्म एकाच माणसात कसे नांदतात, हे तिथून पुढे सहा वर्षे चालते आणि ते मला पूर्ण पटते. आपण ज्याच्याबरोबर बिअर प्यायलो, ज्याच्या मुलाला हॉकीचे सामने दाखवले, त्याच्यावर संशय घ्यायला मन राजी नसते; लेजंडचा सर्वांत भक्कम खांब हा असतो. 2010मध्ये न्यू जर्सीच्या माँटक्लेअरमधल्या एका रशियन जोडप्याला अटक झाली तेव्हा शेजारची एक मुलगी बातमीदारांना म्हणाली होती की ते हेर असणे शक्यच नाही, त्या घरच्या बाईने हायड्रेंजियाची फुलझाडे किती छान वाढवली होती पाहा. फुलझाडांनी जे सिद्ध केले ते कोणत्याही कागदाने झाले नसते.

बोलण्याच्या बाबतीत मालिका स्वतःला भलतीच सवलत देते. फिलिप आणि एलिझाबेथ यांचे इंग्रजी निर्दोष अमेरिकन आहे, त्यात कुठेही रशियन हेल नाही, आणि त्यांनी आपसातसुद्धा रशियन बोलायचे नाही अशी शिस्त असल्याचे सांगून हा विषय मिटवला जातो. मोठेपणी शिकलेल्या भाषेचा हेल असा समूळ जात नाही. म्हणूनच खऱ्या लेजंडमध्ये हेलासाठी एखादे निमित्त शिवलेले असे. बार्स्की आपली आई जर्मन असल्याचे सांगे. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये राहणारे आणि 2010मध्येच पकडले गेलेले रशियन जोडपे, आंद्रेई बेझ्रुकोव आणि येलेना वाविलोवा, स्वतःला कॅनडाचे म्हणवत. जेनिंग्जांच्या तोंडी असा एखादा लहानसा खडा ठेवला असता, तर त्याभोवती कितीतरी चांगले प्रसंग रचता आले असते. त्यातल्या त्यात समाधान हे, की दूतावासातल्या रशियन पात्रांना मालिका रशियनमध्येच बोलू देते. निना, ओलेग, अर्कादी ही मंडळी तोडक्यामोडक्या इंग्रजीत एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे तुलनेने जेनिंग्जांचे भाषेचे मौन अधिक बोचरे होते.

आता टोपांकडे वळतो. इथे माझा आणि या मालिकेचा वाद आहे.

एकाच आठवड्यात फिलिप कधी चष्मा लावलेला सरकारी कारकून असतो, कधी लांब केसांचा मौजी तरुण, कधी मिशीवाला कामगार. एलिझाबेथ सोनेरी, तांबूस, काळ्या अशा केसांखाली पाच-सहा बायका होऊन वावरते. प्रत्येक सोंगाला नाव, नोकरी, फोन, भाड्याची खोली, गाडी आणि किमान एक माणूस असा असतो की ज्याला ते सोंग खरे वाटते. पहिल्या दोन सीझनांत याची मजा येते. त्यानंतर मी कागद घेऊन बसलो आणि एका सीझनमध्ये फिलिप एकाच वेळी किती आयुष्ये जगतो याचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला, तो जुळेना. घर, धंदा, दोन मुलांचे जेवण, शिवाय दोन-तीन कायमस्वरूपी खोट्या ओळखी, आणि वर पाठलाग चुकवायला प्रत्येक भेटीआधी घातलेले तासन्‌तासांचे फेरे. दिवसाचे चोवीस तास कुठल्याही विचारसरणीला वाढवता येत नाहीत. त्यातच ती दोघे सरासरीने इतके खून करतात की त्यांच्या कामाचे स्वरूपच बदलून जाते. 2010मध्ये माँटक्लेअर आणि केंब्रिजच्या जोडप्यांसह पकडलेल्या दहा रशियन हेरांकडे पाहिले तर चित्र अगदी उलटे दिसते. एफबीआयने त्यांच्यावर सुमारे दशकभर पाळत ठेवली होती, आणि त्यांचे काम होते धोरण ठरवणाऱ्यांच्या वर्तुळात ओळखी वाढवणे आणि जे कानावर येईल ते मॉस्कोला कळवणे. त्यांच्यावर हेरगिरीचा आरोपसुद्धा ठेवला गेला नाही. परक्या सरकारचे नोंदणी न केलेले हस्तक, एवढाच मुख्य आरोप होता. रोज नवा टोप घालणारा इल्लीगल ही संकल्पनाच मुळात आत्मघाती आहे. ज्याच्या एका ओळखीवर वीस-वीस वर्षांची मेहनत खर्ची पडली आहे, त्याचा चेहरा रस्त्यावर इतक्या लोकांना दाखवणे हे कोणत्याही मुख्यालयाला परवडणार नाही. दूरचित्रवाणीला दर आठवड्याला काहीतरी घडावे लागते, हे खरे कारण आहे आणि ते समजण्यासारखे आहे. पण समजले म्हणून पटले असे होत नाही.

तरीही याच टोपांतून मालिकेतली सर्वांत दुःखद आणि सर्वांत पटणारी खोटी ओळख निघते, म्हणून हा विषय एका फटक्यात निकालात काढता येत नाही. फिलिपचा ‘क्लार्क’ हा एफबीआयच्या प्रतिहेरगिरी विभागप्रमुखाची सचिव मार्था हॅन्सन (ॲलिसन राइट) हिला आपण अंतर्गत चौकशी करणारा सरकारी अधिकारी असल्याचे सांगतो, तिच्याकडून माहिती काढतो आणि अखेर तिच्याशी लग्न करतो. लग्नाला नवऱ्याची ‘बहीण’ म्हणून एलिझाबेथ हजर असते आणि ‘आई’ म्हणून त्यांची केजीबीतली वरिष्ठ. अतिरंजित वाटते ना? शीतयुद्धात पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या एकाकी सचिवांभोवती प्रेमाचे जाळे टाकणे हा पूर्व जर्मन गुप्तचर खात्याचा ठरलेला मार्ग होता. केजीबीनेही तेच केले. पश्चिम जर्मन परराष्ट्र खात्यातल्या लिओनोरे या सचिवेशी हाइन्झ झ्युटर्लिन याने 1960मध्ये लग्न केले ते वरून आलेल्या हुकुमाने. 1967मध्ये कोठडीत असताना तिला हे कळले आणि तिने गळफास घेतला. मार्थाच्या कथेतला कोणताही तपशील यापुढे अवास्तव ठरत नाही.

क्लार्क का पटतो, याचे उत्तर लेखनात आहे. त्याचे लेजंड मार्थाच्या गरजांच्या मापाने बेतलेले आहे. तो नेहमी तिच्याकडे राहू शकत नाही, कारण काम गुप्त आहे. तो मित्रांना भेटत नाही, कारण काम गुप्त आहे. आपले लग्न कोणाला सांगायचे नाही, कारण काम गुप्त आहे. प्रत्येक उणिवेला एकच कारण आणि ते कारणच तिला आपण महत्त्वाच्या आहोत असे वाटायला लावते. तिसऱ्या सीझनच्या शेवटाकडे, सगळे कोसळू लागल्यावर, तो तिच्यासमोर बसून चष्मा काढतो, मग एकेक पिन काढतो आणि टोप उतरवतो. ऱ्हिसने हे अत्यंत सावकाश केले आहे. पिना किती आहेत, त्या कुठे-कुठे टोचलेल्या आहेत हे दिसते आणि इतक्या रात्री हा माणूस तिच्या शेजारी हे सगळे डोक्यावर घेऊन झोपत होता, हे मार्थाबरोबर आपल्यालाही त्याच क्षणी समजते. मार्थाचा चेहरा पाहावा. ती ओरडत नाही. टोपांविषयीचे माझे सगळे आक्षेप त्या तीन-चार मिनिटांपुरते मी मागे घेतो.

चौथ्या सीझनमध्ये एलिझाबेथ ‘पॅटी’ होऊन सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या यंग ही या कोरियन-अमेरिकन बाईशी मैत्री करते, तिच्या स्वयंपाकघरात बसते, तिच्या मुलांना सांभाळते आणि मग तिच्या नवऱ्याच्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळवण्यापायी तिचा संसार मोडते. ही ओळख पटते, कारण ती फारसे काही मागत नाही. एकटी बाई आणि मोकळी दुपार एवढेच तिचे भांडवल. पाचव्या सीझनमधले वैमानिक नवरा, हवाई सुंदरी बायको आणि दत्तक घेतलेला व्हिएतनामी मुलगा हे बनावट कुटुंब कल्पना म्हणून हुशार आहे, कारण विमान कंपनीतल्या जोडप्याने आठवड्यात चार दिवस घरी नसणे कोणालाच खटकत नाही. पण तो सीझनच इतका संथ आहे की त्या हुशारीचे चीज होत नाही.

मुलांचा प्रश्न मात्र मालिकेने नीट हाताळला आहे. इल्लीगलांची मुले हीच त्यांच्या लेजंडमधली एकमेव पूर्ण खरी गोष्ट असते, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. केंब्रिजच्या त्या जोडप्याच्या दोन्ही मुलांना आईवडील रशियन असल्याचा पत्ता नव्हता, असे मुलांनी पुढे सांगितले. थोरल्याच्या विसाव्या वाढदिवशी, 27 जून 2010 रोजी, अधिकारी दारात आले. जुलैमध्ये दहाही जणांची व्हिएन्नाच्या विमानतळावर अदलाबदल झाली. धाकट्याला टोरांटोत जन्मूनही कॅनडाचे नागरिकत्व राखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि तिथे 2019च्या डिसेंबरात त्याच्या बाजूने निकाल लागला. मालिकेतल्या पेजला तिसऱ्या सीझनमध्ये सत्य सांगितले जाते, ते तिने स्वतः स्वयंपाकघरात आईबापांना कोंडीत पकडल्यावर. आणि त्या सीझनच्या अखेरीस ती ते आपल्या पाद्र्याला फोनवर सांगून टाकते. किशोरवयातल्या मुलीने असेच वागावे. हेर आईबाप आहेत म्हणून मुलगीही जात्याच हेर निघते, असा सोपा मार्ग लेखकांनी सुरुवातीला तरी टाळला. शेवटच्या सीझनमध्ये तिला हाताशी धरून घडवण्याचा जो खटाटोप एलिझाबेथ करते तो पाहताना ही पोर या कामाची नाही हे आपल्याला दिसत राहते. हेन्रीला तर काहीच कळत नाही. हेन्रीकडे मालिका दुर्लक्ष करते अशी थट्टा प्रेक्षक करत असत. मला ते दुर्लक्ष हेतुपूर्वक वाटते, कारण तो पूर्णपणे अमेरिकन होऊन निसटला आहे.

केंब्रिजच्या प्रकरणातला एक तपशील या संदर्भात सांगण्यासारखा आहे, कारण असे तपशील मालिकेत मला हवे तेवढे मिळाले नाहीत. 2001च्या जानेवारीत एफबीआयने बँकेतली तिजोरी गुपचूप तपासली, तेव्हा तिथे येलेनाच्या तरुणपणीच्या फोटोंच्या निगेटिव्ह सापडल्या. फिल्म बनवणाऱ्या कंपनीचे नाव जवळजवळ सगळ्या निगेटिव्हवरून काढून टाकलेले होते. एकीवर मात्र ते राहून गेले होते, ‘टॅस्मा’, एक सोव्हिएत कंपनी. वर्षानुवर्षांची शिस्त आणि एक राहून गेलेली पट्टी. तरुणपणीचे आपले फोटो जाळून टाकणे तिला जमले नव्हते, हा त्यातला माणूसपणा. हेर पकडला जातो तो धावत्या गाडीच्या पाठलागात क्वचितच.

सहावा सीझन या दृष्टीने सर्वोत्तम आहे, आणि त्याचे कारण पैसा. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण वाइसबर्ग आणि फील्ड्स यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, पण शेवटचा सीझन त्यांनी जणू तिच्यावरच बेतला आहे. फिलिपने हेरगिरी सोडली आहे आणि तो खराखुरा व्यावसायिक होऊ पाहतो आहे. त्याने एजन्सी वाढवली, मोठी जागा घेतली, माणसे वाढवली, नवा सूट शिवला, आणि धंदा बसला. हेन्रीच्या महागड्या निवासी शाळेची फी भरायला पैसे नाहीत. इतकी वर्षे जी एजन्सी केवळ आडोसा होती ती आता खरी झाली आहे आणि खरी झाल्यामुळेच बुडते आहे. कर्जाच्या कागदांसमोर बसलेला, कर्मचाऱ्यांना उत्साहाची भाषणे देणारा फिलिप मला कोणत्याही टोपातल्या फिलिपपेक्षा अधिक विश्वसनीय वाटला. मॉस्को इथे काही उपयोगाचे नाही. माँटक्लेअरच्या जोडप्याचे आपल्या मुख्यालयाशी प्रत्यक्षात घराच्या मालकीवरूनच वाजले होते : घर आमच्या नावावर असणे हे इतकी वर्षे इथे राहिल्यावर ओघानेच येते, असे त्यांचे म्हणणे, आणि घर आमच्या मालकीचे, असे मॉस्कोचे. हेर घरकर्जाच्या भाषेत बोलू लागला की लेजंड आत मुरले असे समजावे.

याच सीझनमध्ये फिलिपला आपला जुना कर्मचारी स्टावोस याला कामावरून कमी करावे लागते. नंतर स्टावोस त्याला ऐकवतो, की मागच्या खोलीत काहीतरी चालते हे आपल्याला माहीत होते आणि आपण कधी पोलिसांकडे गेलो नाही. अगदी दोन मिनिटांचा प्रसंग आहे, पण सगळ्या मालिकेवर मागे जाऊन प्रकाश टाकणारा. खोटी ओळख बेमालूम होती म्हणून टिकली नाही. आजूबाजूच्या माणसांनी पाहून न पाहिल्यासारखे केले म्हणून टिकली. टोपांचाही बचाव करायचा तर याच आधारावर करावा लागेल, आणि तो बचाव लेखकांनी चार सीझन आधी केला असता तर मी कागद घेऊन बसलो नसतो.

स्टॅनचा संशय पुन्हा जागा होतो तोही कोणत्या गुप्त कागदामुळे नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरची माणसे जमलेली असताना ‘धंद्यात अडचण आली’ म्हणून फिलिप तडकाफडकी निघून जातो. वीस वर्षे बिनबोभाट चाललेली सबब एका चुकीच्या दिवशी वापरली जाते, एवढेच. आणि एफबीआयच्या हाती त्यांचे चेहरे लागतात ते एका रशियन ऑर्थोडॉक्स पाद्र्याकडून, ज्याने पाचव्या सीझनमध्ये या दोघांचे गुपचूप, त्यांच्या खऱ्या नावांनी लग्न लावलेले असते. त्या रात्री दोघांच्याही डोक्यावर टोप नव्हते. मिखाईल आणि नादेझ्दा यांनी एकदाच, कोणालाही फसवायचे नसताना, आपले चेहरे उघडे ठेवले आणि रेखाचित्रे त्याच चेहऱ्यांची निघाली.

शेवटच्या भागातला भूमिगत वाहनतळावरचा दीर्घ प्रसंग, जिथे स्टॅन पिस्तूल रोखून उभा राहतो आणि अखेर बाजूला होतो, अनेकांना अविश्वसनीय वाटतो. मला वाटत नाही, कारण त्या वाहनतळावर फिलिप स्टॅनशी बोलताना एजन्सी बुडाल्याचेही सांगतो, जणू शेजाऱ्याकडे मन मोकळे करावे तसे. तो कोणत्या ओळखीतून बोलतो आहे हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. त्यानंतर ती दोघे रानात थांबतात, खड्डा खणतात, जेनिंग्ज या नावाची कागदपत्रे पुरतात, आणि फिलिप त्या गुप्त लग्नातल्या अंगठ्या बाहेर काढतो. पुढे सीमेवर तपासणी असल्याने त्यांना पुन्हा एकदा टोप चढवावे लागतात, आगगाडीत वेगवेगळ्या जागी बसावे लागते. या वेळचे टोप मला अजिबात खटकले नाहीत.